विकत घेतलेला खेळ आणि त्याचें कुलूप



कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट. नाताळची सुटी संपून शाळा पुन्हां सुरू झाली होती. इयत्ता नववींतील एक विद्यार्थी मधल्या सुटींत आमच्याकडे आला व खालीं मान घालून उभा राहिला. त्याच्या हातीं संगणकावरील एका खेळाची पेटी होती. बक्षिसाचे पैसे, मामांनीं दिलेली रक्कम आणि स्वतः सांठविलेली खाऊची शिल्लक एकत्र करून त्यानें तो खेळ शहरांतील दुकानांतून रीतसर पावती घेऊन विकत घेतला होता. घरच्या जुन्या संगणकावर तो चार दिवस उत्तम चालला. पुढें संगणक बिघडला, कारागिरानें त्यांतील हार्ड डिस्क बदलली, आणि त्यानंतर खेळ सुरू करतांच पडद्यावर सूचना येऊं लागली कीं, या खेळाचा परवाना पूर्वींच वापरला गेला आहे. कंपनीस त्यानें दोन वेळां ई-मेल पाठविली. उत्तर आलें नाहीं. पेटी एकदां फोडली म्हणजे माल परत घेत नाहीं, असें दुकानदारानें सांगितलें. शेजारच्या मुलानें मात्र तोच खेळ कोणाच्या तरी पेन ड्राईव्हवरून फुकट उतरवून घेतला होता, आणि त्याच्याकडे तो बिनबोभाट चालत होता.

"सर," त्या मुलानें विचारलें, "पैसे देऊन माझी चूक झाली काय?"

आम्हीं तत्काळ उत्तर दिलें, "नाहीं. तूं केलेंस तेंच योग्य." तो "बरें, सर" म्हणाला आणि पेटी आमच्या मेजावर ठेवून निघून गेला. परंतु त्याच्या मुद्रेवरून आमच्या ध्यानांत आलें कीं, आमचें उत्तर खरें असलें तरी अपुरें होतें. चोरी करूं नये, एवढें त्यास पूर्वींच ठाऊक होतें. जो प्रामाणिकपणें वागला त्याच्यावरच हा प्रसंग कां यावा, हें त्यास विचारावयाचें होतें. तो विद्यार्थी आतां शाळा सोडून गेला आहे; उत्तराचा राहिलेला भाग आज या अंकाच्या द्वारें सर्वांस सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कुलूप कां लावावें लागलें?

खेळ विकणारे लोक त्याची नक्कल होऊं नये म्हणून ज्या युक्त्या योजितात, त्यांस इंग्रजींत कॉपी प्रोटेक्शन म्हणतात. आपण येथें त्यांस 'नक्कलबंदी' म्हणूं. ही नक्कलबंदी केवळ लोभांतून जन्मास आली, असें म्हणणें अन्यायाचें होईल. पुस्तकाची नक्कल हातानें करावयाची म्हटली तर महिने लागतात, आणि ती मूळ प्रतीच्या तोडीची क्वचितच होते. संगणकाच्या आज्ञावलीची नक्कल मात्र कांहीं क्षणांत होते, तीस खर्च जवळजवळ पडत नाहीं, आणि नक्कल व मूळ यांत तिळमात्र भेद राहत नाहीं. अशा स्थितींत वर्षानुवर्षें श्रम करून खेळ रचणाऱ्यांनीं उदरनिर्वाह कसा करावा? १९७६ च्या फेब्रुवारींत बिल गेट्स यांनीं संगणकाच्या हौशी लोकांस एक जाहीर पत्र लिहिलें होतें. तुम्हांपैकीं बहुतेक जण आमची आज्ञावली पैसे न देतां वापरतां, मग चांगलें काम करण्यास कोण धजेल, असा त्याचा आशय होता. ही तक्रार खरी होती, आणि आजही ती खोटी झालेली नाहीं.

कुलुपांचे प्रकार

प्रथम खेळ फ्लॉपीवर येत. तिच्या कांहीं भागांत मुद्दाम दोष निर्माण करून ठेवीत. साध्या यंत्रानें नक्कल केली असतां तो दोष नकलेंत उतरत नसे, आणि दोष न दिसल्यास खेळ सुरू होत नसे. यांत अडचण अशी कीं, फ्लॉपी ही नाजूक वस्तु. ती खराब झाली तर हाताशीं असावी म्हणून दुसरी प्रत करून ठेवणें खऱ्या मालकासही अशक्य होई.

दुसरा प्रकार छापील कागदाचा. खेळ सुरू होतांच पडद्यावर प्रश्न येई कीं, सोबतच्या पुस्तिकेच्या अमुक पानावरील, अमुक ओळींतील, अमुक शब्द कोणता? १९८९ च्या 'सिमसिटी' या खेळासोबत गडद तांबड्या कागदावर छापलेला संकेतांचा तक्ता येई. हेतु हा कीं, छायाप्रत काढली असतां ती काळी यावी. परंतु तो तक्ता मंद दिव्याखालीं विकत घेणारासही नीट वाचतां येत नसे. १९९० च्या 'मंकी आयलंड' या खेळासोबत पुठ्ठ्याचें फिरतें चक्र दिलेलें असे. चक्र हरवलें कीं खेळ संपला.

सर्वांत विलक्षण युक्ति भिंगाची. १९८५ सालीं 'एलीट' हा खेळ स्पेक्ट्रम नांवाच्या छोट्या घरगुती संगणकासाठीं निघाला, तेव्हां पेटींत 'लेन्सलॉक' नांवाचें प्लॅस्टिकचें भिंग घातलें होतें. पडद्यावर विस्कटलेलीं अक्षरें दिसत. भिंग पडद्यास लावून तीं वाचावयाचीं व टंकावयाचीं. घरचा दूरदर्शन-संच फार मोठा किंवा फार लहान असला तर अक्षरें जुळतच नसत. शिवाय कांहींशे पेट्यांत चुकीचें भिंग गेलें. त्या लोकांनीं मोल दिलें, माल घरीं नेला, आणि स्वतःच्याच वस्तूच्या दाराबाहेर ते उभे राहिले.

पुढें तबकड्या, म्हणजे सीडी, आल्या. मग संगणकास आपली ओळख इंटरनेटवरून कंपनीस पटवून द्यावी लागूं लागली. आणि शेवटीं खेळ चालूं असेपर्यंत ती जोडणी अखंड राहिलीच पाहिजे, असा नियम कित्येक खेळांस लागला. या प्रवासांतील मर्म ध्यानांत घ्यावें. आरंभीं किल्ली निदान मालकाच्या घरांत तरी असे. आतां ती दूरदेशींच्या सर्व्हरवर, दुसऱ्याच्या हातीं गेली.

अडतो कोण?

नक्कलबंदीचा खरा दोष असा कीं, चोराची गांठ तिच्याशीं एकदांच पडते आणि ग्राहकाची रोज पडते. कोणी एक कुशल मनुष्य कुलूप तोडतो. त्यानंतर त्या प्रतीच्या ज्या हजारों नकला निघतात, त्यांत कुलूप नसतेंच. ज्यानें पैसे मोजले त्याच्याच प्रतींत तें कायम राहतें. कांहीं उदाहरणें पाहूं.

सप्टेंबर २००८ मध्यें 'स्पोर' हा खेळ निघाला. तो तीनच संगणकांवर सुरू करतां येईल, अशी मर्यादा घातली होती. ॲमेझॉनच्या दुकानांत हजारों लोकांनीं त्यास सर्वांत खालचा दर्जा देऊन आपला निषेध नोंदविला. पुढें ती मर्यादा पांचांवर नेण्यांत आली. इकडे कुलूप तोडलेली प्रत खेळ विक्रीस येण्याच्या सुमारासच जगभर पसरली होती. म्हणजे ज्यांच्यासाठीं कुलूप लावलें ते आंत, आणि मोजमाप चाललें तें ग्राहकांचें!

मार्च २०१० मध्यें 'असॅसिन्स क्रीड' या मालेंतील दुसरा खेळ संगणकासाठीं आला. एकट्यानें खेळावयाचा असूनही त्यास इंटरनेटची अखंड जोडणी लागे. त्याच महिन्यांत कंपनीच्या सर्व्हरवर बाहेरून मारा झाला आणि पैसे देणारे लोक खेळास मुकले. मार्च २०१३ मध्यें नव्या 'सिमसिटी'चीही तीच गत झाली. पहिल्या दिवसांतील गर्दीनें सर्व्हर कोलमडले. हा खेळ जोडणीवांचून चालविणें सोपें नाहीं, असें प्रथम सांगण्यांत आलें. वर्षभरानें, मार्च २०१४ मध्यें, तीच सोय कंपनीनें स्वतः दिली.

२०१५ सालची हकीकत याहूनही बोधप्रद आहे. सन २००० च्या आसपासच्या कित्येक खेळांच्या तबकड्यांवर 'सेफडिस्क' नांवाचें कुलूप असे. त्याचा एक भाग संगणकाच्या अगदीं अंतर्भागांत जाऊन बसे. या भागांतूनच दुष्ट हेतूनें कोणी शिरकाव करूं शकतो, असें आढळून आल्यावर मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० मध्यें त्यास थारा दिला नाहीं, आणि सप्टेंबर २०१५ मध्यें जुन्या विंडोजमध्येंही तो बंद केला. ज्या कुलुपानें घराचें रक्षण करावयाचें, तेंच भिंतींतील भगदाड ठरलें. आणि तें बुजवितांच अनेकांच्या घरच्या तबकड्या मुक्या झाल्या.

शेवटचें उदाहरण 'द क्रू' या मोटारींच्या शर्यतीच्या खेळाचें. तो डिसेंबर २०१४ मध्यें निघाला. ३१ मार्च २०२४ रोजीं कंपनीनें त्याचे सर्व्हर बंद केले; आणि एकट्यानें खेळावयासही सर्व्हर आवश्यक असल्यामुळें खेळ सर्वांसाठींच बंद पडला. आमच्या शाळेच्या ग्रंथालयांत अशीं पुस्तकें आहेत कीं, ज्यांचे प्रकाशक केव्हांच काळाच्या उदरांत गेले. तरी कपाट उघडावें, धूळ झटकावी, आणि वाचावयास बसावें. कोणाची अनुज्ञा लागत नाहीं. 'विकत घेणें' या शब्दांचा अर्थ आपण आजवर हाच समजत आलों.

विकणाऱ्यांची बाजू

न्यायाच्या तराजूंत दुसरें पारडेंही पाहिलें पाहिजे. कंपन्या म्हणतात कीं, कुलूप कायमचें टिकत नाहीं हें आम्हीही जाणतों. परंतु खेळाची मोठी विक्री आरंभींच्या कांहीं आठवड्यांत होते, आणि तेवढे दिवस चोर बाहेर राहिला तरी पुष्कळ झालें. या म्हणण्यांत तथ्य आहे. पण मग तो काळ उलटल्यावर कुलूप काढून टाकण्यास हरकत कोणती? २००७ सालच्या 'बायोशॉक' या खेळावरील संगणकांच्या संख्येची मर्यादा २००८ मध्यें उठविण्यांत आली, हें याचें चांगलें उदाहरण होय. पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट या मंडळीनें तर २००८ मध्यें 'जीओजी' नांवाचें दुकान सुरू केलें; तेथील खेळांस अशीं कुलुपें नसतात. याच मंडळीचा 'द विचर' या मालेंतील तिसरा खेळ २०१५ सालीं कुलुपावांचून निघाला, आणि २०२३ पर्यंत त्याच्या पांच कोटींहून अधिक प्रती खपल्या. ग्राहकावर विश्वास ठेवणारा व्यापारी बुडतोच, असें नव्हे.

कायदा काय म्हणतो?

आमच्या देशांतील १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमांत असें म्हटलें आहे कीं, ज्याच्याजवळ एखाद्या आज्ञावलीची प्रत कायदेशीर मार्गानें आलेली आहे, तो नाश किंवा हानि यांपासून तात्पुरतें रक्षण म्हणून तिची राखीव प्रत करूं शकतो. म्हणजे त्या फ्लॉपीवाल्यास नक्कलबंदीनें जें नाकारलें, तें आमच्या कायद्यानें मान्य केलें आहे. २०१२ मध्यें या कायद्यांत ६५-ए हें कलम घालण्यांत आलें. हक्कांचा भंग करण्याच्या हेतूनें कुलूप तोडणारास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड अशी शिक्षा त्यांत आहे. 'हेतूनें' हा शब्द येथें महत्त्वाचा आहे. कायदा केवळ हातांकडे पाहत नाहीं, मनांतील उद्देशाकडेही पाहतो.

अन्यत्रही जागृति होत आहे. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानानें २०२४ मध्यें कायदा करून ठरविलें कीं, केवळ परवाना देत असतांना ग्राहकास तसें स्पष्ट न सांगतां 'विकत घ्या' असे शब्द वापरूं नयेत. तो १ जानेवारी २०२५ पासून अंमलांत आला. युरोपांत बंद पडणारे खेळ खेळण्याजोगे राखून ठेवावे, या मागणीवर जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांहून अधिक नागरिकांनीं सह्या केल्या.

आपण काय करावें?

पहिली गोष्ट, कुलुपाचा राग चोरीस निमित्त होऊं देऊं नये. दुकानदारानें वजनांत मारलें म्हणून आपण त्याच्या गल्ल्यांत हात घालीत नाहीं. दुसरी, पैसे देण्यापूर्वीं पेटीवरील बारीक अक्षरें वाचावीं: जोडणी लागते काय, किती संगणकांवर चालेल, कंपनीनें सेवा बंद केल्यास काय होईल? तिसरी, पावती जपून ठेवावी, आणि फसगत झाल्यास सौम्य पण स्पष्ट शब्दांत लेखी तक्रार करावी. एकदां करून थांबूं नये. आमच्या विद्यार्थ्यास हा तिसरा मार्ग आम्हीं त्याच वेळीं दाखवावयास हवा होता, त्याच्या शेजारीं बसून पत्र लिहवून घ्यावयास हवें होतें. तें आमच्या हातून झालें नाहीं, याची खंत आम्हांस आहे.

त्याच्या प्रश्नाचें पुरें उत्तर आतां देतां येतें. पैसे देण्यांत त्याची चूक झाली नाहीं. त्यानें आपली बाजू पुरी केली होती. विकणाऱ्यानें आपली केली नाहीं. प्रामाणिकपणा हा दोघांनीं पाळावयाचा नियम आहे, एकट्या ग्राहकानें नव्हे.

तुमच्यांपैकीं कांहीं जण उद्यां स्वतः अशा आज्ञावली लिहितील, कदाचित् खेळही रचतील. आपल्या श्रमांचें मोल त्यांनीं अवश्य मागावें. परंतु कुलूप बसवितांना, पदरचे पैसे मोजून, पावती घेऊन, सुटीच्या दिवशीं संगणकापुढें उत्सुकतेनें बसलेल्या एखाद्या मुलाची त्यांनीं आठवण ठेवावी. ती पेटी आजही आमच्या कपाटांत आहे, आणि तिच्यांत पावतीही आहे.