जुनी जखम आणि बदलणारे जंतू

“डॉक्टर, गोळ्या चालू असल्या की जखम सुकते, बंद केल्या की पुन्हा पू येतो. गेल्या वेळी जी गोळी लागू पडली तीच आता पडत नाही. असे का?”

मधुमेहाचे रुग्ण आणि अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या घरची मंडळी हा प्रश्न नेहमी विचारतात. बहुतेकांनी उत्तरही स्वतःच ठरवलेले असते : ‘अंगाला त्या गोळीची सवय झाली.’ हा समज चुकीचा आहे. सवय अंगाला होत नाही. बदलतात ते जखमेतील जंतू. ते कसे बदलतात हे एकदा नीट समजून घेतले, तर पुष्कळांचे पाय वाचतील.

जखम ‘जुनी’ कधी म्हणायची?

विळा लागला, खरचटले, चटका बसला, तर निरोगी माणसाची जखम साधारणपणे दोन-तीन आठवड्यांत भरून येते. चार आठवडे उलटले तरी भरण्याची चिन्हे नसतील, तर ती जुनी जखम समजावी. मधुमेह्याच्या तळपायाची जखम, पायाच्या शिरा फुगलेल्या व्यक्तीची घोट्याजवळची जखम, अंथरुणावर पडून माकडहाडावर झालेली जखम आणि कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पायाची जखम ही त्याची नेहमीची उदाहरणे.

या सगळ्यांत मूळ दुखणे जंतूंचे नसते. कुठे रक्तपुरवठा कमी असतो, कुठे एकाच जागी सतत दाब पडतो, कुठे संवेदना गेल्याने काटा रुतलेलाही कळत नाही. रक्तातील साखर वाढलेली असेल, तर जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही दुबळ्या पडतात. जंतूंना हव्या असतात दोन गोष्टी, आसरा आणि वेळ. जुनी जखम त्यांना दोन्ही देते.

मरणारे मरतात, उरलेले वाढतात

प्रयोगशाळेत भरपूर खाद्य मिळाले, तर काही जंतू वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. जखमेत हा वेग बराच कमी असतो, तरी दोन-तीन महिन्यांत त्यांच्या कितीतरी पिढ्या होऊन जातात. प्रत्येक वेळी जंतू आपल्या जनुकांची नक्कल करतो आणि नक्कल करताना क्वचित चूक होते. बहुतेक चुका निरुपयोगी असतात. परंतु एखादी चूक अशी होते की त्या जंतूवर ठरावीक औषध चालत नाही. असा जंतू कोट्यवधींत एखादाच निपजतो. पण चिघळलेल्या जखमेत जंतूंची संख्याच लाखांच्या, कोटींच्या घरात असते!

कापूस पिकवणाऱ्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. २००२ साली आपल्या देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली. सुरुवातीला बोंडअळी आटोक्यात आली. पुढे त्या विषाला न जुमानणाऱ्या गुलाबी बोंडअळ्या टिकल्या, त्यांचाच वंश वाढला आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात कापसाचे मोठे नुकसान झाले. अळी काही शहाणी झाली नव्हती. मरणाऱ्या मेल्या आणि उरलेल्यांना रान मोकळे मिळाले. जखमेत नेमके हेच घडते. दोन दिवस गोळी घेतली, बरे वाटले म्हणून सोडली, आठ दिवसांनी पुन्हा घेतली, की दर खेपेला कमजोर जंतू मरतात आणि चिवट जंतूंना जागा मोकळी होते.

पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना दिलेल्या भाषणातच अपुऱ्या मात्रेचा हा धोका सांगितला होता. पेनिसिलिनला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकोकस जंतूंसाठी १९५९ मध्ये मेथिसिलिन हे औषध आले. १९६१ मध्ये त्यालाही न जुमानणारे जंतू इंग्लंडमध्ये आढळले. म्हणजे जेमतेम दोन वर्षे!

बुळबुळीत थराचा किल्ला

जंतू दुसरी युक्ती करतात ती एकत्र राहण्याची. दातांवर बसणारे कीटण आपण सर्वांनी पाहिले आहे. नुसत्या चुळा भरून ते निघत नाही, घासावे लागते. जुन्या जखमेच्या पृष्ठभागावर आणि आतही जंतू असाच चिकट थर तयार करतात. शास्त्रज्ञ त्याला बायोफिल्म म्हणतात. या थरात औषध नीट पोचत नाही आणि पांढऱ्या पेशींचेही फारसे चालत नाही. उलट त्या पेशी जे पाचक रस सोडतात, त्यांनी आजूबाजूच्या चांगल्या मांसाचीच हानी होते आणि जखम भरण्याऐवजी रेंगाळते.

अमेरिकेतील माँटाना येथील संशोधकांनी २००८ साली सूक्ष्मदर्शकाखाली जखमांचे नमुने तपासले. जुन्या जखमांच्या ५० पैकी ३० नमुन्यांत हा थर सापडला. ताज्या जखमांच्या १६ पैकी फक्त एकात. जुन्या आणि ताज्या जखमेतला फरक यावरून लक्षात यावा.

झोपलेले जंतू

आपली बहुतेक प्रतिजैविके वाढणाऱ्या जंतूंवर मारा करतात. जो जंतू वाढतच नाही, त्याच्यावर मारा कशाचा करणार? डब्लिनचे जोसेफ बिगर यांनी १९४४ साली दाखवले की, पेनिसिलिनने स्टॅफिलोकोकसचे जवळजवळ सगळे जंतू मेले तरी मूठभर उरतात. आणि गंमत अशी, की त्यांची संतती पेनिसिलिनने पुन्हा मरते. म्हणजे ते जंतू औषधाला पुरून उरले नव्हते. ते जणू झोपले होते. बायोफिल्मच्या तळाशी प्राणवायू आणि अन्न कमी असल्याने असे सुस्त जंतू तिथे पुष्कळ असतात. गोळ्या थांबल्या की ते जागे होतात. ‘बंद केल्या की पुन्हा पू येतो’ याचे हे एक मोठे कारण आहे.

घुसखोराचा भाडेकरू होतो

ताज्या जखमेत शिरलेला जंतू घुसखोरासारखा वागतो. विष सोडतो, भराभर पसरतो. म्हणून ताप, सूज, ठणका सुरू होतो. महिनोन्‌महिने राहिलेल्या जंतूला या दांडगाईची गरज उरत नाही. हिरवट पू करणारा स्यूडोमोनास नावाचा जंतू जुनाट संसर्गात कधी आपली पोहण्याची शेपटीही गमावतो आणि एका जागी ठाण मांडतो. स्टॅफिलोकोकसचे काही जंतू सावकाश वाढतात आणि आपल्याच पेशींच्या आत दडून बसतात. अशा वेळी ताप नसतो, दुखत नाही. रुग्णाला वाटते, ‘आता बरे आहे.’ पण घुसखोराचा भाडेकरू झालेला असतो. आणि जुना भाडेकरू सहजासहजी जागा सोडत नाही, हे आपण जाणतोच.

शिवाय जुन्या जखमेत अनेक जातींचे जंतू शेजारी शेजारी राहतात. औषधाला तोंड देण्याचे गुण असलेले जनुकांचे तुकडे ते एकमेकांना देऊ शकतात, काही वेळा दुसऱ्या जातीच्या जंतूलाही. एकाकडचे हत्यार अशा रीतीने वस्तीभर फिरते.

मग करायचे काय?

आता लक्षात येईल की, अशा जखमेवर नुसती गोळी बदलत राहणे म्हणजे शेवाळ तसेच ठेवून पाणी बदलणे. खरा उपाय म्हणजे मेलेले मांस आणि चिकट थर डॉक्टरांनी खरवडून काढणे. थर निघाला की उरलेले जंतू उघडे पडतात आणि वाढूही लागतात, म्हणून औषधांचा परिणाम तेव्हा चांगला होतो. मात्र हा थर एक-दोन दिवसांत पुन्हा जमू लागतो. म्हणून एकदा साफ करून भागत नाही. डॉक्टर सांगतील तितक्या वेळा यावे लागते. ‘परत परत कशाला बोलावता?’ असे विचारणाऱ्यांना हेच उत्तर आहे.

त्याबरोबर मूळ कारण दूर झाले पाहिजे. साखर आटोक्यात हवी. जखमेच्या जागेवर भार पडता कामा नये. पायाचा रक्तपुरवठा तपासून घेतला पाहिजे. भार तसाच राहिला, तर महागातले महाग इंजेक्शनही वाया जाते.

आणखी एक गोष्ट. जखमेत जंतू सापडले म्हणजे लगेच गोळ्या हव्यात असे नाही. जंतू प्रत्येक उघड्या जखमेत असतात. लाली, सूज, गरमपणा, दुखणे, पू अशी संसर्गाची लक्षणे असतील तरच प्रतिजैविक द्यायचे; तेही संसर्ग आटोक्यात येईपर्यंत, म्हणजे साधारण एक-दोन आठवडे. हाडापर्यंत संसर्ग गेला असेल तर सहा आठवडेही लागतात. जखम पूर्ण भरेपर्यंत गोळ्या चालू ठेवण्याची गरज नसते. तो काळ किती, हे डॉक्टरांनी ठरवायचे. रुग्णाने तो स्वतःहून कमी करू नये आणि वाढवूही नये.

हे लक्षात ठेवा

१. जुनी चिठ्ठी दाखवून किंवा शेजाऱ्याच्या सांगण्यावरून औषधाच्या दुकानातून प्रतिजैविक आणू नका.

२. कॅप्सूल फोडून तिची पूड जखमेवर टाकू नका. चुना, चहापूड, बिडीची राख, टूथपेस्ट हेही नको.

३. जखम बरी होत नसेल तर जंतूंची तपासणी करून घ्या. जखम साफ केल्यानंतर आतल्या भागातून घेतलेला नमुना वरवरच्या पुवापेक्षा जास्त खरी माहिती देतो. घेत असलेली औषधे डॉक्टरांना आधी सांगा.

४. मधुमेह्यांनी रोज रात्री दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. वाकता येत नसेल तर आरसा ठेवावा किंवा घरच्यांना पाहायला सांगावे. अनवाणी फिरू नये, घरातही नाही. पाय बधिर असतील तर मऊ तळाची एमसीआर चप्पल डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी.

५. खिळलेल्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदला.

६. विडी-सिगारेट व तंबाखू बंद करा. त्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेला रक्त कमी मिळते.

७. वर्षानुवर्षे न भरलेल्या जखमेचा तुकडा तपासून घ्या. क्वचित तिथे कर्करोग असू शकतो.

८. थंडी वाजून ताप आला, लाली वर सरकू लागली, बोट काळे पडले किंवा अचानक घाण वास सुटला, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच दिवशी, त्याच रात्री रुग्णालय गाठा.

जखम चार आठवड्यांत भरली नाही, तर पाचव्या आठवड्यात आणखी एक नवी गोळी मागण्यापेक्षा डॉक्टरांना एवढेच विचारा : ‘ही जखम भरत का नाही?’ त्या प्रश्नाचे उत्तर वेळेवर शोधले, तर पाय कापण्याची वेळ अनेकदा टळते.