अनुक्त द्रव्य विचार : जेरुसलेम आर्टिचोक – लागवड आणि एक घातक गैरसमज

एका मधुमेही रुग्णाने मध्यंतरी आम्हास एका चूर्णाची डबी दाखविली आणि विचारले, ‘यात नैसर्गिक इन्शुलिन आहे, मग टोचून घ्यावयाचे बंद करू का?’ डबीवर शब्द होता ‘इन्युलिन’. या एका अक्षराच्या घोटाळ्यामुळेच प्रस्तुत विषय वाचकांपुढे मांडत आहोत.

परिचय : हेलिअँथस ट्युबरोसस ही सूर्यफुलाच्या कुळातील, मूळची उत्तर अमेरिकेतील कंदवर्गीय वनस्पती. तेथील आदिवासी तिची लागवड करीत. फ्रेंच प्रवासी शाम्प्लेन याने १६०५ मध्ये ती पाहिली. जेरुसलेम नगराशी अथवा खऱ्या आर्टिचोकशी तिचा संबंध नाही. आपल्या संहितांत व निघंटूंत ती नसल्याने तिची गणना अनुक्त द्रव्यांत करावी लागते.

लागवड : समशीतोष्ण प्रदेशात वसंतारंभी, भरपूर ऊन व पाण्याचा निचरा असलेल्या जागी, दोन-तीन डोळे असलेले कंदाचे तुकडे १० ते १५ सें.मी. खोल व ३० ते ४५ सें.मी. अंतरावर लावतात. झाड दोन-तीन मीटर उंच वाढते, पिवळी फुले येतात. शरदाअखेर पाने वाळल्यावर कंद काढतात. साल पातळ असल्याने ते लवकर सुकतात. म्हणून ओलसर वाळूत ठेवावेत. जमिनीत राहिलेला लहानसा तुकडाही पुन्हा रुजतो. यास्तव बंदिस्त वाफा किंवा मोठी कुंडीच योग्य.

गुणविचार : या कंदात पिष्टाऐवजी मुख्यत्वे इन्युलिन असते. १८०४ मध्ये ते प्रथम इन्युला हेलेनियम या वनस्पतीच्या मुळापासून वेगळे केले गेले, नावही त्यावरूनच. आपले पुष्करमूळ (इन्युला रेसिमोसा) याच प्रजातीतील होय. इन्शुलिन मात्र स्वादुपिंडातील अंतःस्राव आहे. एक तंतुमय कर्बोदक, दुसरे प्राणरक्षक संप्रेरक. साम्य केवळ उच्चारात.

इन्युलिन लघ्वंत्रात पचत नाही, पक्वाशयात जंतूंमुळे आंबते व वायू उत्पन्न होतो. इंग्लंडमधील वनस्पतिज्ञ जॉन गुडयर याने १६२१ मध्येच या कंदाने होणाऱ्या पोटातील वायूची तक्रार नोंदविली होती. वातप्रकृती, मंदाग्नी व आध्मान असलेल्यांनी तो टाळावा. इतरांनी अल्प मात्रेत, नीट शिजवून, आले-जिरे-हिंगासह घ्यावा.

औषधी निर्मात्यांसाठी : थंडीत साठवणीत इन्युलिनचे विघटन होऊन फळशर्करा वाढते. म्हणून कंद काढल्याची व वाळविल्याची तारीख नोंदवावी, आणि वेष्टनावर इन्शुलिनचा भास निर्माण करणारा शब्द कदापि छापू नये.

त्या रुग्णास आम्ही सांगितले : हा कंद भाजी म्हणून खा, परंतु सुई थांबवू नका. ज्यांच्या शरीरात इन्शुलिन तयारच होत नाही, त्यांनी ते बंद केल्यास काही दिवसांतच प्राणावर बेतते. नव्या द्रव्याचे स्वागत अवश्य करावे. परंतु नामसाम्यावरून चिकित्सा करू नये, हीच समस्त वैद्यबंधुभगिनींस विनंती.