स्तनाच्या कर्करोगाची जोखीम : अंदाज कसा करावा व तपासणी कशी ठरवावी



जोखीम हा शब्द व्यापाऱ्यास शिकवावा लागत नाही. पूर्वी आपल्या पेढ्यांवर जोखमी हुंडीचा व्यवहार चाले. माल मुक्कामी सुखरूप पोहोचला तरच त्या हुंडीचे पैसे मिळत. वाटेतील धोका हुंडी घेणाराने आपल्या शिरावर घेतलेला असे. साहजिकच वाट कोणती, ऋतू कोणता, याची चौकशी केल्यावाचून शहाणा मनुष्य अशी हुंडी घेत नसे. तो घाबरून व्यवहार सोडीत नसे, किंवा डोळे मिटून तो पत्करीतही नसे. आपल्या घरातील स्त्रियांच्या प्रकृतीविषयी हीच वृत्ती कशी ठेवावी, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ सालासाठी केलेल्या अंदाजाप्रमाणे भारतात त्या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांस स्तनाचा कर्करोग नव्याने झाला, आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. भारतीय स्त्रियांमध्ये आज हाच कर्करोग सर्वांत अधिक आढळतो. रोग लवकर सापडला तर उपचारांना चांगले यश येते. आपल्याकडे तो उशिरा सापडतो, हे आपले खरे दुःख आहे.

प्रथम एक इशारा

जोखमीचा हिशेब करावयाचा तो ज्या स्त्रीस काहीही लक्षण नाही तिच्यासाठी. स्तनात किंवा काखेत गाठ लागणे, त्वचेस खळी पडणे, स्तनाग्र आत ओढले जाणे, त्यातून रक्तमिश्रित स्राव येणे, यांपैकी काहीही दिसल्यास हिशेब बाजूस ठेवून त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे. ही गाठ बहुधा दुखत नाही. ‘दुखत नाही, मग कशाला दाखवावयाचे?’ असे म्हणून कित्येक घरांत मौल्यवान महिने वाया जातात. सर्वच गाठी कर्करोगाच्या नसतात. पुष्कळशा निरुपद्रवी निघतात. परंतु त्याचा निर्णय तपासणीनेच व्हावयास हवा.

जोखीम कशाकशाने वाढते?

पहिले कलम वयाचे. वय वाढते तशी जोखीम वाढते. तरीही आपल्या देशात चाळिशी-पन्नाशीतील रुग्णांची संख्या मोठी असल्यामुळे ‘हा म्हातारपणचा रोग’ असे समजणे चूक होय.

दुसरे कलम स्त्रीच्या आयुष्यक्रमाचे. मासिक पाळी लवकर सुरू होणे, ती उशिरा बंद होणे, पहिले अपत्य तिशीनंतर होणे किंवा अपत्य न होणे, यांनी जोखीम काहीशी वाढते. स्तनपानाने ती कमी होते. तीस देशांतील अभ्यास एकत्र करून २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, स्तनपानाच्या दर बारा महिन्यांमागे ती सुमारे चार टक्क्यांनी उतरते असे आढळले. मुंबईतील पारशी समाजात या रोगाचे प्रमाण फार पूर्वीपासून अधिक दिसून आले. त्या समाजातील उशिराचे विवाह व थोडी अपत्ये ही त्यामागील कारणांपैकी मानली जातात. आपल्या घरांतही आता मुली शिकतात, विवाह उशिरा होतात. हे इष्टच आहे. मात्र त्याबरोबर सावधगिरीही वाढली पाहिजे.

तिसरे कलम प्रकृती व सवयींचे. पाळी गेल्यानंतर वाढलेले वजन, मद्यपान, व्यायामाचा अभाव, पाळी गेल्यावर दीर्घकाळ घेतलेली काही संप्रेरकांची औषधे. या कलमातील पुष्कळ गोष्टी आपल्या हातच्या आहेत.

चौथे कलम जुन्या कागदांचे. पूर्वी स्तनाची गाठ काढून तपासली असेल तर तो अहवाल जपून ठेवावा. त्यात पेशींची अनियमित वाढ नमूद असेल तर जोखीम सुमारे चौपट होते. लहानपणी किंवा तरुणपणी अन्य रोगासाठी छातीवर किरणोपचार झाले असतील, तर तेही डॉक्टरांस अवश्य सांगावे.

कुळाची नोंद : दोन्ही बाजूंची

पाचवे कलम कुटुंबाचे, आणि आपल्या घरांत सर्वांत अधिक चूक होते ती येथेच. आई, बहीण किंवा मुलगी यांपैकी एकीस हा रोग झाला असेल तर जोखीम अंदाजे दुप्पट होते. परंतु ‘आईकडून मुलीकडे’ एवढीच त्याची वाट आहे, हा समज खोटा आहे.

या रोगाशी निगडित असे दोन जनुक १९९४ व १९९५ साली निश्चित ओळखले गेले. त्यांस बीआरसीए-एक व बीआरसीए-दोन म्हणतात. यांपैकी एकात जन्मतः दोष असलेल्या स्त्रीस आयुष्यात हा रोग होण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असते, आणि अंडाशयाच्या कर्करोगाचीही शक्यता वाढते. हा दोष पित्याकडूनही तितकाच येतो. दोष असलेल्या पुरुषाच्या प्रत्येक अपत्याकडे, मुलगा असो वा मुलगी, तो जाण्याची शक्यता निम्मी असते. पुरुष स्वतः बहुधा निरोगी राहतो. म्हणून ज्या घरात मुलगेच अधिक, त्या घरात हा दोष पिढ्यान् पिढ्या न दिसता चालत येऊ शकतो. मुलीच्या हिशेबात मावशी जशी मोजावयाची, तशीच आत्याही मोजावयाची. आईची आई जशी, तशी वडिलांची आईही.

येथे सभासद बंधूंस विशेष विनंती आहे. मालाचा साठा आपण दरसाल मोजतो; तीस वर्षांपूर्वीची येणी आपल्या तोंडपाठ असतात. पण आपली आत्या कशाने गेली, हे किती जणांस ठाऊक आहे? ‘पोटाचे दुखणे होते’ एवढेच सांगितले जाते; ते दुखणे कदाचित अंडाशयाचा कर्करोग असेल. मुलींच्या सोयरिकीस बाध येईल या भीतीने वडीलधारी मंडळी नाव घेत नाहीत. त्या काळी ही भीती अगदीच निराधार होती असे नाही. परंतु गुपित ठेवून दोष नाहीसा होत नाही. ज्या मुलीचे कल्याण इच्छिले, तिच्याच हातून वेळेवर तपासणी करून घेण्याची संधी मात्र जाते.

उलट बाजूही ध्यानात असावी. शंभर रुग्णांपैकी केवळ पाच ते दहा जणींचा रोग अशा वारशाने आलेला असतो. ‘आमच्या घरात कोणास नाही’ म्हणून निर्धास्त राहणे योग्य नव्हे.

आकड्याचा अर्थ

अमेरिकेत मिचेल गेल यांनी १९८९ साली वय, पाळी, पहिले अपत्य, जवळचे नातलग व पूर्वीच्या गाठी यांवरून जोखमीचा आकडा काढण्याची रीत प्रसिद्ध केली. त्या रीतीने एखादीची पुढील पाच वर्षांची जोखीम १.७ टक्के निघाली, तर तिच्यासारख्या हजार स्त्रियांत पाच वर्षांत सतरांस रोग होईल व ९८३ जणींस होणार नाही, इतकाच त्याचा अर्थ. तो आकडा म्हणजे भविष्यवाणी नव्हे. शिवाय ही रीत अमेरिकन स्त्रियांच्या नोंदींवर उभारलेली आहे आणि आत्या, मावशी, आजी यांची ती गणनाच करीत नाही. म्हणून संगणकावर आकडा पाहून भिणे किंवा निश्चिंत होणे, दोन्ही टाळावे. आकडा घेऊन तज्ज्ञाकडे जावे.

तपासणी कोणती व केव्हा?

तपासणीच्या बाबतीत आपल्याच देशातील एक मोठा प्रयोग मार्गदर्शक आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून शहरातील झोपडवस्त्यांत ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी केली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे या स्त्रियांत रोग अलीकडच्या अवस्थेत सापडला, आणि पन्नाशी ओलांडलेल्यांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मात्र मृत्यू घटल्याचे दिसले नाही. महागड्या यंत्रावाचून, केवळ शिकलेल्या हातांनीही जीव वाचतात, हा त्यातील धडा.

आता आपल्या हिशेबाप्रमाणे तीन वर्ग पडतात.

१. सामान्य जोखीम. भारत सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शनानुसार ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी प्रशिक्षित व्यक्तीकडून हाताने तपासणी व्हावी. स्तनाचे क्ष-किरण चित्र, म्हणजे मॅमोग्राफी, ब्रिटनमध्ये पन्नाशीपासून दर तीन वर्षांनी, तर अमेरिकेत २०२४ च्या शिफारशीप्रमाणे चाळिशीपासून दर दोन वर्षांनी करतात. देशोदेशी मतभेद आहेत, कारण या तपासणीस लाभाबरोबर तोटाही आहे : कधी नसलेल्या रोगाचा संशय येऊन सुई घालावी लागते, आणि कधी असलेला रोग निसटतो. तरुण वयातील घट्ट स्तनांत चित्र तितके स्पष्ट येत नाही. म्हणून चाळिशीनंतर केव्हा आरंभ करावा, हे डॉक्टरांशी बोलून ठरवावे.

२. मध्यम जोखीम. आई किंवा बहिणीस रोग झाला असेल, अथवा जुन्या अहवालात अनियमित पेशी असतील, तर चाळिशीपर्यंत थांबावे की आधी आरंभ करावा, हे तज्ज्ञास विचारावे. नातलगास ज्या वयात रोग झाला त्याच्या दहा वर्षे आधीपासून तपासणी सुरू करावी, असा सल्ला पुष्कळ तज्ज्ञ देतात.

३. मोठी जोखीम. एकाच बाजूच्या दोन-तीन नातलगांस रोग, पंचेचाळिशीच्या आत रोग, दोन्ही स्तनांत रोग, अंडाशयाचा कर्करोग, किंवा घरातील पुरुषास स्तनाचा कर्करोग. यांपैकी काहीही असल्यास जनुकीय समुपदेशन घ्यावे. रक्ताची जनुकतपासणी शक्यतो रोग झालेल्या व्यक्तीचीच आधी करावी. तिच्यातील दोष कळला की इतरांचा निर्णय सोपा होतो. दोष आढळलेल्या स्त्रीस विशी-तिशीपासून दरवर्षी एमआरआय व पुढे त्याबरोबर मॅमोग्राफी सुचवितात.

कुकटपल्लीकरांस यासाठी दूर जावे लागत नाही. लाल मार्गावरील मेट्रोने लकडी का पूल येथे उतरल्यास रेड हिल्समधील सरकारी मेहदी नवाज जंग कर्करोग संस्था जवळ आहे. बंजारा हिल्समध्ये २००० साली सुरू झालेले बसवतारकम् रुग्णालय आहे, एन. टी. रामाराव यांच्या पत्नी कर्करोगाने गेल्या, त्यांच्या नावे ते उभे आहे. अंतर थोडे आहे; अडते ते संकोचापाशी.

घरी करावयाचा अभ्यास

या आठवड्यात घरातील मोठ्या माणसांस जवळ बसवून एका कागदावर पुढील उत्तरे लिहावीत :

१. आई, आजी, मावशी, आत्या, बहिणी, चुलत व मामेबहिणी यांपैकी कोणास कोणता कर्करोग झाला?
२. तो कोणत्या वयात झाला?
३. वडिलांच्या बाजूची माहिती कोण सांगू शकेल? त्यांस आजच विचारले काय?
४. घरातील प्रत्येक स्त्रीचे वय, पाळी, अपत्ये व पूर्वीच्या गाठींचे अहवाल यांची नोंद आहे काय?
५. तिची शेवटची तपासणी केव्हा झाली व पुढची केव्हा करावयाची?

हा कागद मुलीस सासरी जातानाही द्यावा, आणि सुनेकडून तिच्या माहेरचा मागून घ्यावा. कारण आपल्या नातीच्या अंगी दोन्ही कुळे येतात. आणि घरातील स्त्री तपासणीस निघाली, तर दुकान दोन तास मुलाच्या हाती सोपवून तिच्यासोबत जावे. ती आपण होऊन सोबत मागणार नाही, आपणच निघावे.