नियम 'जी' आणि बडतर्फी

प्रश्न : अमेरिकेत रेल्वेच्या नोकरीत असलेल्या माझ्या भाच्यास कामावर मद्यसेवन केल्याच्या आरोपावरून बडतर्फ केले आहे. त्याने दाद कोठे मागावी?

उत्तर : तेथील रेल्वे कंपन्यांच्या नियमावलीत नियम 'जी' म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ओळखले जाणारे कलम कामावर असताना मद्यसेवनास सक्त मनाई करते, परंतु संघटनांशी झालेल्या करारांनुसार बडतर्फीपूर्वी रीतसर चौकशी व्हावी लागते, आणि ती कंपनीचाच अंमलदार चालवतो, ही व्यवस्था मला तरी विपरीतच वाटते. निकाल प्रतिकूल गेल्यास संघटनेमार्फत प्रथम कंपनीच्या वरिष्ठांकडे, आणि तेथेही निभाव न लागल्यास १९३४ साली कायद्याने स्थापिलेल्या शिकागो येथील राष्ट्रीय मंडळाकडे जाता येते, जेथे उभय पक्षांचे सभासद समसमान असून पेच पडल्यास त्रयस्थ पंच निवाडा देतो. हे मंडळ नव्याने साक्षी घेत नाही, चौकशीचे दप्तर तेवढे वाचते, सबब श्वासपरीक्षेचा आकडा (०.०४ टक्के वा अधिक भरल्यास तो संघराज्याच्या नियमांचाही भंग ठरतो), यंत्राच्या तपासणीची नोंद, आणि 'तोंडास वास येत होता' असे सांगणारा मुकादम किती हातांवर उभा होता, हे सारे उलटतपासणीतच नमूद झाले पाहिजे. पुष्कळदा मंडळ दोष कायम ठेवून, मधल्या काळाच्या पगाराविना, नोकरी परत देवविते. अपिलाची मुदत करारातच लिहिलेली असते. ती त्याने आजच संघटनेच्या स्थानिक चिटणिसाकडून तपासून घ्यावी.