खेळातील गाडीचे बोलके दिवे



सायंकाळी हिमायतनगरच्या हमरस्त्याच्या कडेला क्षणभर उभे राहून वाहनांकडे पाहा. पुढील चालकाच्या मनात काय आहे, हे मागच्याला कोणी तोंडाने सांगत नाही. मागचा तांबडा दिवा अधिक उजळला, की गाडी थांबणार. मागे पांढरा दिवा लागला, की ती मागे येणार, हे त्याला आपोआप कळते. दिवे ही वाहनाची भाषा होय. ज्या गाडीचा मागील दिवा फुटला आहे, ती मुकी. आणि ज्या गाडीचा दिवा भलत्या वेळी लागतो, ती खोटे बोलणारी. आपल्या खेळातील गाडीला दिवे बसविताना हीच गोष्ट ध्यानात ठेवावयाची आहे.

गेल्या दिवाळीच्या सुटीत एक विद्यार्थी आपली रेडिओलहरींवर चालणारी छोटी गाडी घेऊन माझ्याकडे आला. कोठीच्या गुजराती गल्लीतून त्याने एलईडी दिवे आणले होते आणि त्यांतील एक थेट चार सेलना जोडला होता. दिवा एकदा लख्ख उजळला आणि कायमचा विझला. “सर, दिवा खराब निघाला,” तो म्हणाला. दिवा खराब नव्हता. हिशेब करावयाचा राहिला होता.

तो हिशेब आपण करू. दीड व्होल्टचे चार सेल एकसर जोडले म्हणजे ६ व्होल्ट मिळतात. पांढऱ्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट पुरतात आणि त्यातून ०.०२ अँपिअरहून अधिक विद्युतधारा जाऊ देणे इष्ट नाही. साध्या बल्बची तार तापली की तिचा रोध वाढतो व धारेला आपोआप आळा बसतो. एलईडीला असा आळा नसतो. विभवांतर थोडे वाढताच धारा भरमसाट वाढते. म्हणून उरलेले ३ व्होल्ट झेलण्यासाठी त्याच्याशी एकसर एक रोध जोडावा लागतो. जर्मनीतील कोलोन येथे शाळेत शिकविताना गेओर्ग ओहम याने प्रयोग केले व १८२७ साली आपला नियम ग्रंथरूपाने मांडला. त्या नियमानुसार ३ भागिले ०.०२ म्हणजे १५० ओहम. या रोधावर तपकिरी, हिरवा, तपकिरी असे पट्टे असतात. तांबड्या एलईडीला सुमारे २ व्होल्ट लागतात. ४ भागिले ०.०२ म्हणजे २०० ओहम. बाजारात सहज मिळणारा २२० ओहमचा रोध त्यास चालेल. गाडीत पुन्हा भारता येणारे १.२ व्होल्टचे सेल किंवा निराळी बॅटरी असेल, तर हाच हिशेब नव्याने मांडावा.

आता जोडणी. पुढचे दोन पांढरे व मागचे दोन तांबडे दिवे गाडीच्या मुख्य खटक्यानंतर बॅटरीला समांतर जोडावेत. प्रत्येक दिव्यास स्वतःचा रोध द्यावा. एकाच रोधावर अनेक दिवे टाकले, तर प्रकाश सारखा वाटला जात नाही. एलईडीचा लांब पाय धन बाजूस जातो. सांध्यांना डाख द्यावा आणि उघड्या तारांवर चिकटपट्टी गुंडाळावी.

खरी गंमत मागे येताना लागणाऱ्या पांढऱ्या दिव्याची. त्या विद्यार्थ्याने तोही प्रथम बॅटरीलाच जोडला. गाडी पुढे धावत होती आणि दिवा मात्र “मी मागे येत आहे” असे सांगत होता! मी त्याला विचारले, “गाडी मागे येते ती कशामुळे?” थोडा विचार करून तो म्हणाला, “मोटरमधील धारेची दिशा उलटते म्हणून.” उत्तर त्यातच होते. एलईडी धारेला एकाच दिशेने वाट देतो. म्हणून तो १५० ओहमच्या रोधासह मोटरच्या दोन टोकांना असा जोडावा, की उलट्या धारेतच तो उजळेल. गाडी पुढे जाताना त्यावर येणाऱ्या उलट्या दाबाने तो बिघडू नये, यासाठी त्या एलईडीच्या दोन पायांशी एक साधा डायोड विरुद्ध दिशेने लावावा. आता हा दिवा खोटे बोलूच शकत नाही. कारण ज्या धारेने चाके फिरतात, तीच त्याला उजळते.

दिव्यांनी बोलण्याची ही कल्पना फार जुनी आहे. १८९८ साली न्यूयॉर्क येथील प्रदर्शनात निकोला टेस्ला याने रेडिओलहरींनी चालणारी छोटी नौका लोकांना दाखविली. तिच्यावरील दिवेही तो दुरून लावी व विझवी. एका प्रेक्षकाने ६४ चे घनमूळ विचारले, तेव्हा नौकेचे दिवे चार वेळा लुकलुकले, असे सांगतात. म्हणजे दुरून चालणाऱ्या खेळण्याच्या पहिल्याच पूर्वजाला दिवे होते, आणि ते बोलत होते.

काही पथ्ये पाळावीत. काम करताना सेल काढून ठेवावेत. घरातील विजेशी हे प्रयोग कदापि करू नयेत. डाख देताना जवळ वडीलधारे माणूस असावे. गाडीतील एरिअलच्या तारेपासून दिव्यांच्या तारा दूर ठेवाव्यात. मोटरच्या टोकांवर चकतीसारखा छोटा कंडेन्सर असतो, तो काढू नये. मोटरमधील ठिणग्यांमुळे रेडिओलहरींत होणारा गोंगाट तो कमी करतो. वळणाऱ्या चाकांजवळील तारांना थोडी ढील द्यावी, नाहीतर त्या चार दिवसांत तुटतील.

त्या रात्री त्याच्या घराच्या गच्चीवर आम्ही गाडी चालविली. अंधारात गाडी दिसत नव्हती, केवळ दिवे दिसत होते. तरी ती कोठे आहे, पुढे जाते की मागे येते, हे त्याच्या धाकट्या बहिणीनेही न चुकता सांगितले.

जाता जाता एक प्रश्न. पुष्कळ छोट्या गाड्यांत पुढची चाके वळविण्यासाठी दुसरी लहान मोटर असते आणि डावीकडे व उजवीकडे वळताना तिच्यातील धारेची दिशा बदलते. मग दोन पिवळे एलईडी आणि एक रोध एवढ्यावर वळणाचे दिवे कसे बसविता येतील? आकृती काढून पाहा. उत्तर वरील लेखातच आहे.