तात्यांचे डायलिसिस



माझे चुलते तात्या सोमवारी, बुधवारी व शुक्रवारी पहाटेच्या एस.टी.ने जिल्ह्याच्या गावी डायलिसिसला जातात. लोक विचारतात, "कधी बरं व्हायचं?"

गेल्या ज्वारीच्या काढणीला तात्या म्हणाले, "आता बरं वाटतंय, एक पाळी चुकली म्हणून काय बिघडतंय?" ते रानात आले. तहान लागली म्हणाले, तेव्हा मीच तांब्या भरून दिला. रात्री त्यांना दम लागला, आडवे होता येईना. जीप करून न्यावे लागले.

सुट्टीत मी त्यांच्याबरोबर गेलो व तेथील नर्सताईंना सगळे विचारले. त्यांनी सांगितले ते लिहितो.

कमरेच्या वर, पाठीच्या बाजूला आपली दोन मूत्रपिंडे असतात. प्रत्येक मुठीएवढे. एकेकात सुमारे दहा लाख बारीक गाळण्या असतात. त्या रक्तातील घाण व जादा पाणी काढतात, तीच लघवी. मधुमेह किंवा रक्तदाब बरीच वर्षे ताब्यात नसला की गाळण्या निकामी होतात. तात्यांना साखरेचा आजार होता, पण ते गोळ्या मध्येच सोडत.

डायलिसिसला हातात दोन सुया टोचतात. एकीतून रक्त यंत्राकडे जाते. तेथे केसासारख्या बारीक, पोकळ अशा हजारो नळ्या असतात. नळ्यांतून रक्त वाहते, बाहेरून औषधी पाणी. चहा गाळताना चोथा मागे राहतो, तशा रक्तपेशी आत राहतात व घाण पाण्यात जाते. साफ रक्त दुसऱ्या सुईने परत येते. याला चार तास लागतात.

हॉलंडचे डॉ. विलेम कोल्फ यांनी असे यंत्र १९४३ साली महायुद्धाच्या काळात बनवले. १९४५ साली त्यावर ६७ वर्षांची एक बाई वाचली.

तात्यांना लघवी जवळजवळ होत नाही. पाळी चुकली, तेव्हा पाणी अंगात साचून फुप्फुसात गेले होते. आता आजी त्यांचे दिवसाचे पाणी मोजून वेगळे ठेवते. मीठ कमी. केळी व शहाळे बंद, कारण त्यातले पोटॅशियम साचले तर हृदयाला धोका असतो.

आता कोणी विचारले तर मी सांगतो, "डायलिसिस मूत्रपिंड बरं करत नाही, त्याचं काम करतं. तात्यांना दुसरं मूत्रपिंड बसेपर्यंत जावंच लागणार."

पालकहो, साखर व रक्तदाब तपासून घ्या. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या सोडू नका. अंगदुखीच्या गोळ्याही मनाने रोज खाऊ नका.

— एक विद्यार्थी, इयत्ता ७ वी