मॅगेलनच्या पुलावर तरुण तारे शोधताना

मॅगेलनचे दोन मेघ म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या शेजारच्या दोन बटू दीर्घिका. मोठा मेघ सुमारे १,६०,००० प्रकाशवर्षांवर, लहान मेघ सुमारे २,००,००० प्रकाशवर्षांवर. दोघांच्या मध्ये हायड्रोजनचा लांबलचक पूल पसरला आहे. साधारण २० कोटी वर्षांपूर्वी दोन्ही मेघ एकमेकांच्या फार जवळून गेले, तेव्हा लहान मेघातला वायू ओढला गेला आणि हा पूल तयार झाला. त्यावर तरुण तारे शोधताना जे कळत गेलं, ते लिहिते आहे.

१. निरीक्षणाची यादी घरीच पक्की करा. लहान मेघ पुण्याच्या क्षितिजावर कधी येतच नाही. त्यामुळे आमची भिस्त दक्षिण आफ्रिकेतल्या सदरलँडच्या ‘सॉल्ट’ दुर्बिणीवर, पुण्याची ‘आयुका’ ही खगोलसंस्था तिची भागीदार आहे. ९१ षटकोनी आरशांची ही दुर्बीण ठरावीक कोनातच झुकलेली असते. तारा तिच्या टप्प्यात येईल तेवढाच वेळ हाती लागतो आणि निरीक्षण तिथले खगोलशास्त्रज्ञ करतात. ऐनवेळी तारा बदलू म्हटलं तर जमत नाही.

२. वायूमागोमाग तारे दिसतीलच असं नाही. हा पूल रेडिओ लहरींतून १९६३ साली कळला. त्यातले तरुण निळे तारे जाहीर व्हायला १९८५ उजाडलं. लहान मेघाच्या बाजूला वायू दाट आहे, सुरुवात तिथूनच करावी.

३. निळ्या रंगावर विसंबू नका. आपल्याच आकाशगंगेतले श्वेतबटू निळे असतात, दूरचे क्वेसारही निळेच. ‘गाया’ उपग्रहाच्या मोजणीतून जवळचे तारे पराशयावरून गाळता येतात, तरी शेवटचा निवाडा वर्णपटाचाच. हायड्रोजनची ४८६१ अँगस्ट्रॉमची रेषा घ्या. पुलावरचा तारा सेकंदाला सुमारे २०० किलोमीटर वेगाने दूर जात असेल, तर ती तीनेक अँगस्ट्रॉम तांबड्याकडे सरकते. शिवाय आयनीभूत हेलियमची रेषा दिसली, की तापमान ३०,००० अंशांच्या आसपास किंवा त्याहून जास्त. एवढा तापलेला, तेजस्वी तारा फार जगत नाही. ती बारीकशी खाच पडद्यावर पहिल्यांदा उमटते, तेव्हाचा आनंद मला आजही तितकाच होतो.

४. ‘हा तारा लहान मेघातून भटकत आला असेल’ ही शंका येणारच. तिचं उत्तर साध्या गुणाकारात आहे. असा अल्पायुषी तारा सेकंदाला ५० किलोमीटर वेगाने ५० लाख वर्षं चालला, तरी जेमतेम ८०० प्रकाशवर्षं जातो. इथे अंतरं हजारो प्रकाशवर्षांची. म्हणजे तो तिथेच, त्या विरळ वायूत जन्मला.

५. या ताऱ्यांसाठी जिवाचं रान का करायचं, हे नवे विद्यार्थी हमखास विचारतात. पुलाच्या वायूत जड मूलद्रव्यांचं प्रमाण सूर्याच्या मानाने दहाव्या हिश्शाच्या घरात आहे. विश्वाच्या बालपणी ताऱ्यांना असाच वायू मिळाला होता, पण ते तारे एकेकटे बघता येत नाहीत. हे येतात. २०२१ मध्ये पुलावर ओ प्रकारचे, म्हणजे असेच अतितप्त, तीन तारे नोंदले गेले, ही बातमी वाचून मी दिवसभर दुसरं काही करू शकले नाही. जड मूलद्रव्यं कमी, म्हणून प्रकाशाच्या रेट्याने ताऱ्यावरून सुटणारा वाराही क्षीण. तारा वस्तुमान राखून ठेवतो. किती राखतो, हे अतिनील वर्णपट सांगतो आणि तो वातावरणातून खाली येत नाही. तिथे सदरलँडचा उपयोग नाही, हबलच लागते.